आईची खालची कवळी

आमच्या घरात दोन शेगड्या शेजारीशेजारी होत्या. एकीवर वरण शिजायचं आणि दुसरीवर दात. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी खोटं बोलते म्हणून मला बाकावर उभं केलं होतं, पण त्यात काडीचंही खोटं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कवळ्या बनवायचे. नाशकातले दोन-तीन दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं त्यांच्याकडे पाठवत आणि मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत अण्णा त्यावरून दात घडवत. मेणात दात बसवून झाले की तो साचा पितळी डब्यात घट्ट बंद करून पाण्यात उकळावा लागे, आणि दुसरी जागा नसल्यामुळे ते काम स्वयंपाकघरातच चाले. डब्याची खडखड आणि वरणाची रटरट एकदमच ऐकू यायची. आई दोन्हींकडे लक्ष ठेवून असे. "तुमचे दात झाले हो, माझं वरण राहिलंय," असं ती आतून ओरडून सांगे आणि बाहेर बसलेलं नवं गिऱ्हाईक दचकून उठे.

बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. गल्लीतली पोरं आमच्या घराला भुताचं घर म्हणत. आई रोज सकाळी फडक्याने ते जबडे पुसायची आणि म्हणायची, "पाहुणे असावेत तर असे. बोलत नाहीत, चहा मागत नाहीत." अण्णा मात्र कमी बोलणारे. त्यांचा एकच मंत्र होता आणि तो आम्ही दोघी बहिणींनी पाळण्यापासून ऐकला होता: "ओल्यावर काही चिकटत नाही. आधी पूस, मग बसव." पोळपाटाचा पाय निखळला, वहीचा पुठ्ठा सुटला, कपाळावरची टिकली पडली, तरी अण्णांचं उत्तर हेच असायचं.

अशा घरात आईचे सगळे दात चाळिशीच्या आतच गेले, हे आमचं नशीब. हिरड्यांच्या दुखण्याने एकेक करून हलले आणि पडले. अण्णांनी तिच्यासाठी जीव ओतून कवळी केली. वरची झकास बसली. खालची मात्र बसेना, कारण आईच्या खालच्या हिरडीचा उंचवटाच झिजून सपाट झाला होता. कवळीला धरायला काही उरलंच नव्हतं. अण्णांनी पाच वेळा नव्याने घडवली. पाचही वेळा ती तोंडात सुपारीसारखी फिरत राहिली. लोक पेठपासून मनमाडपर्यंत अण्णांचे दात घालून उसाची कांडी सोलत होते आणि त्यांची बायको वरणात पोळी कुस्करून खात होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई हळूहळू पदराआडून बोलायला लागली आणि पुढे पुढे हसायचीच थांबली. तिचं हसणं आधी गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही.

ताईचं लग्न मनमाडला ठरलं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं, विहीणबाई तेवढ्या तोंडाच्या फटकळ. साखरपुड्याला आम्ही तिकडे गेलो. जेवायला बसल्यावर रीतीप्रमाणे आईला नाव घ्यायचा आग्रह झाला. अण्णांचं नाव पुरुषोत्तम. आता हे नाव उच्चारून पाहा: ओठ मिटतात, उघडतात, पुढे येतात, जीभ वर जाते. जिची खालची कवळी सैल आहे तिच्यासाठी देवाने यापेक्षा अवघड नाव निर्माण केलेलं नाही. आईने उखाण्याची पहिली ओळ कशीबशी म्हटली, "पुरुषो" एवढं बोलली आणि कवळी श्रीखंडाच्या वाटीत पडली.

मग विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई! दातवाल्यांच्या घरचेच दात टिकत नाहीत, मग मुलगी कशी टिकायची आमच्याकडे?" सगळे हसले. त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं असं मला आजही वाटत नाही, जिभेला हाड नसलेल्या बायका असतात तशा त्या होत्या. पण निघताना त्यांनी आईच्या हातावर हात ठेवून, "नाव अर्धंच राहिलंय हं, लग्नाच्या पंगतीत पुरं घ्यायचं," असंही सांगितलं. परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. निफाड गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "लग्नात मी तोंड उघडणार नाही. मुकी आहे म्हणून सांगा." अण्णा समोर बसले होते आणि स्वतःच्या बोटांकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा बघून मी ठरवलं की लग्नाच्या पंगतीत आई अण्णांचं नाव घेणार आणि पुरं घेणार. मला तेव्हा सतरावं लागलं होतं. आई मला घोरपड म्हणायची, एकदा पकडलं की न सोडणारी.

घोरपडीला भिंत दाखवली ती मामाने. तो अलिबागच्या बाजूला होड्या दुरुस्त करायचा. दिवाळीनंतर तो नारळ घेऊन आला ते एका जुन्या होडीच्या फळ्यांच्या खोक्यातून. नारळ संपले, खोकं मोरीपाशी कोळसा ठेवायला आलं. त्याच्या एका फळीवर पांढरे, टणक, बोटाच्या पेराएवढे डोंगर होते, वर भोक असलेले. मला वाटलं सिमेंट सांडलंय. मी अण्णांची मेण कोरायची सुरी घेऊन एक काढायला गेले आणि सुरीचं टोक मोडलं. डोंगर फुटला, पण त्याचं बूड फळीला तसंच राहिलं. अण्णांचा ओरडा खाऊन झाल्यावर मी मामाला विचारलं.

"किडा आहे तो," मामा म्हणाला. "होडीच्या बुडाला धरतो. आमचं अर्धं आयुष्य ते खरवडण्यात जातं. मेला तरी सुटत नाही बघ."

"पण पाण्यात चिकटतो कसा? ओल्यावर?"

"ते त्याला विचार," मामा म्हणाला.

अण्णा आत डबा उकळत होते. त्यांनी ऐकलं आणि शेगडीत कोळसा सारला. मी त्या फळीवरून हात फिरवत किती वेळ तिथे बसले होते कोण जाणे. आयुष्यभर ऐकलेला मंत्र खोटा ठरवणारी वस्तू आमच्या मोरीपाशी कोळसा सांभाळत होती.

कॉलेजात जीवशास्त्राच्या बाईंनी त्याचं नाव सांगितलं, बार्नॅकल, आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. मी ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे आणि स्वयंपाकघरात बसून आईला मराठीत सांगायचे. लहानपणी हा किडा पाण्यात मोकळा फिरतो. शेवटच्या अवस्थेत त्याला एकच काम असतं, जागा शोधणं. मिशांच्या टोकांनी तो दगडावर, लाकडावर चालून बघतो, जागोजागी जरा चिकटून बघतो, नाही पटली तर पुढे जातो.

"बघायला येतात तसं," आई पापड लाटता लाटता म्हणाली.

एकदा पटली की डोकं खाली टेकवून तो स्वतःच्या अंगातून गोंद सोडतो. हा गोंद प्रथिनांचा असतो, अंड्याच्या पांढऱ्यात किंवा दुधाच्या चोथ्यात असतात त्या जातीच्या पदार्थाचा. पाण्यातच तो घट्ट होतो. मग किडा भोवती चुनखडीच्या भिंती बांधतो आणि जन्मभर उलटा राहून पाय हलवून अन्न तोंडात ढकलतो.

"डोकं टेकलं की टेकलं. आणि वर हातपाय हलवत राहायचं. बाईचाच जन्म की गं तो," आई म्हणाली.

"आणि जागा शोधायला लागल्यापासून चिकटेपर्यंत तो काही खात नाही."

"म्हणजे उपासही आहेच," आई म्हणाली आणि पदर न घेता हसली. फक्त मी होते म्हणून.

प्रथिन हा शब्द मी घट्ट पकडला. पुस्तकात गोंदाची कृती नव्हती, पण प्रथिनं तर आमच्याही डब्यांतून होती. अंडं घरात आणायची सोय नव्हती, म्हणून दूध. लिंबाने दूध नासवलं, चोथा पिळून कोरडा केला आणि त्यात पानाचा चुना घोटला. त्या लगद्याने मी एक निकामी कवळी प्लास्टरच्या जबड्यावर बसवली आणि दोन्ही पाण्याच्या बादलीत टाकलं. दोन दिवसांनी काढलं तर जबडा तुटला पण कवळी हलली नाही. मला आकाश ठेंगणं झालं. अण्णा डॉक्टरांकडे गेलेले असताना मी आईच्या कवळीला आतून बोटभर लगदा लावला. आई विश्वासाने समोर बसली आणि तिने आ केला. दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कवळी ओढून काढली तेव्हा हिरडी पांढरी पडली होती.

चार दिवस आई थंड दुधावर होती. "मिरची लागली," असं तिने अण्णांना सांगितलं. पण ज्या माणसाने पंचवीस वर्षं फक्त तोंडंच पाहिली होती, त्याला मिरची आणि चुना यातला फरक सांगावा लागत नाही. अण्णांनी माझी सगळी भांडी गल्लीच्या नळावर नेऊन रिकामी केली. त्यांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तोंड म्हणजे काय भिंत आहे, कुमुद? तिथे जिवंत माणूस राहतं." मला स्वतःची इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

तरी मी थांबले नाही. आता या वयात मला कधी कधी वाटतं, ती चिकाटी होती की निव्वळ आडमुठेपणा? पण मी नियम एक बदलला. आता जे काही करायचं ते आधी माझ्या तोंडात. गालात आणि हिरडीत दिवसभर धरायचं, मगच पुढे. अशा रीतीने मी कणकेचा चिकट गोळा, तांदळाची खळ आणि मेथीचा लगदा तोंडात धरून कॉलेजच्या तासांना बसले. शेवटी पापडाच्या पिठाने हात दिला. उडदाचं पीठ वस्त्रगाळ करून घट्ट भिजवून लावलं तर कवळी चार-पाच तास हलत नव्हती. लग्नाला आठ दिवस राहिले असताना आईने ते लावून "पुरुषोत्तम" सलग तीनदा म्हटलं. ताईने टाळ्या वाजवल्या. मी नाचायचीच बाकी होते.

आईने कवळी काढली, चूळ भरली आणि शांतपणे विचारलं, "पण त्या दिवशी मला उपास नाही का?"

मुलीच्या आई-वडिलांनी कन्यादान होऊन पंगतीला बसेपर्यंत उपास धरायचा, ही आमच्याकडची रीत. धान्याचा-डाळीचा कणही चालत नाही, आणि उपासाला उडीद म्हणजे पापच. मी दीड महिना सगळा विचार केला होता, हा एक सोडून. "तासाभराचा प्रश्न आहे गं, गिळायचं थोडंच आहे!" मी म्हणाले. "पंगतीत बसल्यावर लाव."

"भरल्या मांडवात कवळी काढून पीठ लावत बसू? सकाळीच लावावी लागेल," आई म्हणाली. "आणि तोंडात उडीद ठेवून मी मुलीचं दान करणार नाही. राहू दे आता. केलंस तेवढं खूप झालं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही आणि मी मोरीपाशी त्या खोक्यावर जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मथीबाई आली. ही पेठकडच्या डोंगरातली म्हातारी. दर थंडीत डोक्यावर गाठोडं घेऊन यायची आणि लाडवांसाठी आईला डिंक देऊन जायची. अंगणात बसून तिने गाठोडं सोडलं. बाभळीच्या डिंकाशेजारी एक वेगळी पुडी होती, फिकट, आंबूस वासाच्या खड्यांची.

"यो नाय तुमच्या कामाचा," ती म्हणाली. "कांडोळाच्या झाडाचा हे. लाडवात नाय चालत."

"का?"

"इरघळत नाय ना. पान्यात टाकला का नुसता फुगतो. बोटाला धरला तं सोडत नाय, जितकं पानी लावशील तितका धरतो. लय वंगाळ."

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. "मथीबाई, हा खाल्ला तर काही होतं का?" मी विचारलं.

"आमी पोट बिघडल्यावर घेतो की. झाडाचा रस त्यो, त्याला काय व्हतंय?"

झाडाचा रस! आणि डिंक उपासाला चालतो, हे तर आमच्या घरातलं मांजरही सांगू शकलं असतं. मी खडे कुटले, वस्त्रगाळ केले, आधी दोन दिवस स्वतःच्या गालात धरले. मग ती पुडी घेऊन मी चोरून नव्हे, तर सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अण्णांनी चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बोटाने दाबून पाहिली. शेवटी म्हणाले, "लग्नाच्या सकाळी मी लावून देईन."

खरं सांगायचं तर माझा किडा हरला होता. डिंक म्हणजे काही प्रथिन नव्हे. समुद्रातला तो गोंद मला कधीच साधला नाही आणि माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली माणसं अजूनही त्याच्यामागे आहेत, ओल्या जखमा टाक्यांशिवाय चिकटवता याव्यात म्हणून. गेल्या वर्षी नातीने मोबाइलवर मला वाचून दाखवलं. गोंद सोडण्याआधी ते इवलंसं पिल्लू तेलासारखा एक थेंब सोडतं. तो थेंब दगडावरचं पाणी बाजूला सारतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर मग प्रथिनं उतरतात. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. आधी पूस, मग बसव. अण्णा, समुद्राच्या तळाशीसुद्धा तुमचंच खरं निघालं, आणि हे ऐकायला तुम्ही नाहीत.

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या लहान खोलीत अण्णांनी दार लावून घेतलं. मी पुडी धरून उभी होते. आई नव्या शालूत पाटावर बसली होती. अण्णांनी धुतलेल्या मऊ धोतराच्या तुकड्याने तिची हिरडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने टिपली, पुन्हा टिपली. मग कवळी ओली करून तिच्यावर भुकटी भुरभुरली, बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. मनातल्या मनात ते आकडे मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. आई एकटक त्यांच्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले.

कन्यादान झालं. विहिणींची पंगत बसली. केळीची पानं, मसालेभात, जिलबी, कुरडया. अण्णा हातात मठ्ठ्याचं भांडं घेऊन वाढत होते. विहीणबाईंनी आवाज टाकला, "चला, उधारी फेडा! साखरपुड्याचं अर्धं नाव राहिलंय!" बायका हसायला लागल्या. ताई नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती. आईने पाणी न पिता पदर सारखा केला आणि तो तोंडावरून बाजूला घेतला. मग तिने खणखणीत आवाजात म्हटलं,

"समुद्रातला किडा बसला फळीला धरून,
पुरुषोत्तमरावांचं नाव घेते तोंड भरून."

पंगतीत एकच गलका झाला. "हा कसला मेला उखाणा? किडा काय, फळी काय!" विहीणबाई म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या. आणि रीतीप्रमाणे घास भरवायला त्यांनी नेमकी कुरडई उचलली. मुद्दाम उचलली, मी त्यांचे डोळे पाहिले होते. नाव घेणं वेगळं आणि कुरडई वेगळी. आईने तोंड उघडलं आणि चावा घेतला. कुर्रकन आवाज झाला, सगळ्या पंगतीला ऐकू गेला. चार वर्षांत आमच्या घराने तो आवाज ऐकला नव्हता. मग आई हसली, पहिल्यासारखी, कार्यालयाच्या दारापर्यंत जाईल अशी. अण्णांच्या हातातल्या भांड्यातून मठ्ठा कोणाच्या तरी पानात वाहत होता आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी ताईची पाठवणी करून आम्ही तिघं घरी आलो. घर फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. आई शालू न बदलताच फळ्यांवरच्या त्या पांढऱ्या जबड्यांसमोर बसली. तिचे डोळे रडून सुजले होते. अण्णा वाटीत कोमट पाणी घेऊन आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"दे, धुऊन ठेवतो," ते म्हणाले. "हिरडीला विसावा हवा."

आईने मान हलवली. "आज राहू द्या," ती म्हणाली. "अजून तोंडात तुमचं नाव आहे."